वर्षाच्या हाताचा निकाल

शाम राठोड वणीच्या कोळसा खाणीवर टिपर चालवतो. अंगानं काटक, बोलायला कमी, आणि गाडी इतकी सांभाळून हाकतो की मागचे ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून थकतात. खाणीवर त्याला आठ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत त्यानं कधी दारूला हात लावला नाही की कोणाशी हमरीतुमरी केली नाही. कॅबिनमधल्या पंख्यात साधी चिंधी अडकली तरी तो आधी गाडीची किल्ली काढतो, पंख्याची वायर सोडवतो, आणि मगच बोट लावतो. त्याची ही सवय पाहून सोबतचे हसतात. शाम हसत नाही.

रविवारी तो मोटारसायकलनं घरी जातो, केळापूर तालुक्यातल्या चिंचदरा तांड्यावर. बंजाऱ्यांची साठ-सत्तर घरं. घरी बाप रूपसिंग, आई बिजलीबाई आणि धाकटी बहीण वर्षा. वर्षा बावीस वर्षांची. तिसऱ्या खेपेला ती डॉक्टरीच्या प्रवेशाची 'नीट' परीक्षा पास झाली, तेव्हा तांड्यावर ज्याच्या त्याच्या तोंडी एकच होतं: भाऊ असावा तर शामसारखा. बहिणीच्या शिक्षणापायी स्वतःची शाळा सोडली, दोन ठिकाणच्या सोयरिकी परत पाठवल्या. चुलता नेमसिंग तर चारचौघांत त्याच्या पाठीवर थाप मारून हे सांगायचा. थाप पडली की शाम मान खाली घालायचा. लोकांना वाटायचं, पोरगं लाजतं.

तो लाजत नव्हता.

शाम पंधरा वर्षांचा होता आणि वर्षा नऊ वर्षांची, तेव्हाची गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती. गोठ्यात कडबा बारीक करायची कुट्टी मशीन नवीनच बसवली होती, विजेच्या मोटारीवरची. रूपसिंगनं पोराला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "लाईन गेली का आंधी बटन बंद करायचं. मंग दुसरं काम."

त्या दुपारी शाम मशीनमध्ये कडबा सारत होता आणि वर्षा पेंढ्या उचलून देत होती. मध्येच लाईन गेली. पात्यांपाशी ओल्या धांड्यांचा गुंता अडकून बसला होता. शामला सायकलची चेन बसवायची होती. पांढरकवड्याला कबड्डीचे सामने होते आणि उशीर होत होता. तो गोठ्याबाहेर सायकल उलटी करून बसला आणि बहिणीला म्हणाला, "तुहा हात लहान हाय. तेवढं काढून टाक."

वर्षानं आतून विचारलं, "भिया, बटन बंद हाय ना?"

"हो."

त्यानं पाहिलं नव्हतं. चेनीवरून नजरसुद्धा उचलली नव्हती.

उजव्या हाताची चारही बोटं मुळापासून गेली. अंगठा आणि निम्मा तळवा राहिला. नेमसिंगच्या मोटारसायकलवर मध्ये वर्षा आणि मागे तिला धरून शाम, असे ते पांढरकवड्याला गेले, तिथून यवतमाळला. पुढचे तीन आठवडे दवाखान्यात गेले. जो येई त्याला एकच सांगितलं जाई, अचानक लाईन आली. बटनाचं कोणी विचारलं नाही. शाम रोज वाट पाहायचा की आज बाप विचारेल, आज कानाखाली वाजवेल. रूपसिंग एका शब्दानं बोलला नाही. त्यानं महिन्याभरात मशीन विकून टाकली आणि पुन्हा विळ्यानं कडबा तोडायला बसला. न पडलेला तो मार शामच्या अंगावर तेरा वर्षं तसाच राहिला.

वर्षाला ते 'हो' आठवत होतं का, हे त्याला कधी कळलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

ती घरी आली तेव्हा डाव्या हातानं लिहायला शिकणं भाग होतं. अक्षरं उलटी पडायची, ती पाटी फेकून द्यायची. मग शाम तिच्या शेजारी दुसरी पाटी घेऊन बसू लागला आणि स्वतःही डाव्या हातानं लिहू लागला. दोघांची अक्षरं सारखीच वाकडी यायची. ती त्याला हसायची आणि हसता हसता लिहायची. वर्षभर हे चाललं. त्या वर्षी शाम दहावीत होता. कसाबसा पास झाला आणि पुढं गेलाच नाही. आधी ट्रॅक्टरवर बसला, मग खाणीवर. वर्षा मात्र पुढं पुढं जात राहिली. पांढरकवड्याच्या कॉलेजात तिला जीवशास्त्र शिकवायला प्राची मॅडम होत्या. बेडूक कापायच्या दिवशी बाकीची पोरं नाक धरून उभी होती, तेव्हा या पोरीनं अंगठ्यानं आणि तळव्यानं चिमटा दाबून धरला, डाव्या हातानं सुरी चालवली, आणि बेडकाचं काळीज अखंड बाहेर काढून ताटलीत ठेवलं. मॅडमनी त्याच दिवशी तिला थांबवून घेतलं.

"डॉक्टर व्हायचं का?"

"होता येते का, मॅडम? अशा हातानं?"

"बघू या आपण."

मॅडमनी बघितलं. दिव्यांगांसाठी जागा राखीव असतात, आणि हाताबद्दलचे जुने कडक नियम आता सैल झाले आहेत, हे त्यांनीच शोधून काढलं. पण त्या जागेसाठी आधी एका बोर्डापुढं उभं राहावं लागतं. डॉक्टर मुलाखत घेतात, हातानं कामं करून दाखवायला लावतात, आणि मग पात्र की अपात्र ते ठरवतात. पात्रतेचा कागद मिळाला तरच त्या जागांच्या यादीत नाव लागतं.

जुलैत मुंबईचं बोलावणं आलं. शामनं चार दिवसांची सुट्टी घेतली आणि वर्ध्याहून दोघं गाडीत बसले. वर्षानं वाटेत पुस्तक उघडलं नाही. खिडकीला डोकं टेकून ती डाव्या हाताच्या बोटांनी मांडीवर दोऱ्याच्या गाठी मारून सोडत राहिली.

बोर्डाच्या दारात शिपाई होता. तो शामला म्हणाला, "सोबतच्यांनी बाहेर." पण बाक दाराला लागूनच होतं आणि दार पुरतं लागत नव्हतं. आत तीन डॉक्टर होते, दोन पुरुष आणि एक बाई. शामला माणसं दिसत नव्हती, आवाज येत होते.

आधी कामं झाली. शर्टाची बटनं लाव. हातमोजा घाल. हा दोरा बांध. उशीवर छाती दाबून दाखव, मोजून तीस वेळा. वर्षा आकडे मोजत होती आणि तिचा श्वास शामपर्यंत येत होता.

"नाडी कशी बघशील?" एकानं विचारलं.

"डाव्या हातानं, सर. नाडीला दोन-तीन बोटंच लागतात."

"आणि पेशंट तुझा हात बघून घाबरला तर?"

मग ती म्हणाली, "माहीत नाही, सर. अजूनपर्यंत कोणी घाबरलं नाही."

कागदांची खसखस झाली. बाईंचा आवाज आला, मऊ होता. "हे झालं कसं, बाळा?"

शाम बाकावरून उठला. त्याला वाटलं, आता इथून निघून जावं, जिन्यावरून खाली, रस्त्यावर. पण तो दाराशीच राहिला.

"कुट्टी मशीनमध्ये गेला. लाईन नव्हती, मी गुंता काढायला हात घातला, तेवढ्यात लाईन आली," वर्षा म्हणाली. "बटन बंद आहे का नाही ते पाहायला पाहिजे होतं. मी पाहिलं नाही. माझीच चूक."

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "भिया, तोंड काहून उतरलं? चांगली झाली ना मुलाखत."

"झाली," शाम म्हणाला. "आठ दिवसात सांगतो म्हणे."

आठ दिवस झाले, दहा झाले, पंधरा झाले. तांड्यावर मोबाईलला रेंज नाही. नाल्यावरच्या पुलाशी गेलं की दोन काड्या येतात. वर्षा निंदण करून आली की मातीचे पाय न धुताच पुलावर जायची आणि बोर्डाचं पान उघडायची. पान उघडायला कधी पाच मिनिटं लागायची. प्रत्येक वेळी तेच लिहिलेलं असायचं, निर्णय प्रलंबित. येता-जाता नेमसिंग विचारायचा, "काय डॉक्टरीनबाई, झालं का?" आधी ती हसून मान हलवायची. पुढं तिनं त्याच्या घरावरून जायचंच सोडलं आणि शेताला लांबच्या वाटेनं जाऊ लागली. बिजलीबाईनं पोहरादेवीला नवस बोलला. प्रवेशाच्या पहिल्या फेरीची यादी लागली. कागद नव्हता, म्हणून राखीव जागेच्या यादीत तिचं नाव नव्हतं. प्राची मॅडम फोनवर म्हणाल्या, "दुसऱ्या फेरीत येईल. धीर धर." धीर धर म्हणणाऱ्याचा आवाजच सांगत होता की धीर सुटत चालला आहे.

शामचं तर वेगळंच चाललं होतं. गाडीवर बसलं की कानात तेवढंच वाजायचं, माझीच चूक. एकदा तो वजनकाट्यावर गाडी लावून बसला आणि पुढची रांग सरकली तरी हलला नाही. मागून लोक शिव्या देत उतरले. त्याला वाटलं, तिला खरंच आठवत नसेल. नऊ वर्षांचं लेकरू होतं. तेरा वर्षं ती स्वतःलाच दोष देत बसली असेल तर? आणि आपण पाठीवर लोकांच्या थापा घेत फिरतो.

ऑगस्टमधल्या एका रविवारी तो पुलावर गेला. वर्षा कठड्यावर बसून मोबाईल वर धरून होती.

"वर्षा, एक सांगाचं हाय."

"सांग."

"बटन चालू होतं. तू विचारलं तं मी हो म्हनलं. मी पाह्यलंच नव्हतं." एवढं बोलायला त्याला तेरा वर्षं लागली होती आणि बोलून झालं तेव्हा पुरं मिनिटही गेलं नव्हतं. "तुही चूक नव्हती. माही होती."

वर्षानं मोबाईल खाली केला.

"मले मालूम हाय," ती म्हणाली.

"मंग तठी तसं काहून बोलली? माह्यासाठी?"

"तुह्यासाठी कायले बोलू?" तिचा आवाज चढला. "ते तीन लोकं आपल्या घरची कहाणी ऐकाले बसले होते का? भावानं केलं म्हनलं असतं तं त्या बाईनं बिचारी बिचारी केलं असतं. मले बिचारी नव्हतं व्हायचं. मले सीट पायजे होती."

शाम कठड्यापाशी सरकला.

"मी दवाखान्यात होती तवाच वाट पाह्यली तुही," ती म्हणाली. "तीन हप्ते. वाटे, आता भिया येईन आन म्हनीन, माहं चुकलं. तू तं माह्या खाटेपाशी संत्री सोलत बसे. मंग पाटी घेऊन आला डाव्या हाताची. मले वाटलं, पाटी झाली का बोलशीन. शाळा सोडली, तवा वाटलं. नाही बोलला. आन आता सांगून राह्यला, आज, जवा माह्या डोक्यात त्या निकालाबिगर काही राहूनच नाही राह्यलं. तुले हलकं व्हायचं हाय म्हणून."

"वर्षा..."

"जा तू. रेंज आली हाय, मले पाहू दे."

त्यानंतरचे दोन रविवार ती त्याच्याशी कामापुरतंही बोलली नाही. ताट वाढायची, समोर ठेवायची आणि आत जायची. बिजलीबाईला वाटलं, निकालाच्या काळजीनं पोरगी अशी झाली. ती शामला म्हणाली, "मनावर नको घेऊ, बेटा. तुह्याशिवाय हाय कोन तिले." शामनं ताटातली भाकरी निम्मी तशीच ठेवली.

मुलाखतीला महिना उलटल्यावर निर्णय आला. शाम खाणीत रांगेत होता, तेव्हा प्राची मॅडमचा फोन आला. वर्षाचा लागत नव्हता.

"अपात्र केलंय," त्या म्हणाल्या. "कारण एका ओळीत दिलंय. उजव्या हाताची पकड अपुरी. बाकी काही नाही. शाम, तू घरी जाशील का? तिला एकटीला फोनवर हे नको कळायला."

शामनं गाडी दुसऱ्याच्या ताब्यात दिली आणि मोटारसायकल काढली. तांड्यावर पोचला तेव्हा वर्षा कपाशीत निंदत होती. डाव्या हातात खुरपं, उजव्या तळव्यानं गवताची जुडी दाबून धरलेली. अपुरी पकड म्हणतात ती हीच, असं त्याच्या मनात येऊन गेलं. तिनं मान वर केली. आज बुधवार होता आणि भाऊ बांधावर उभा होता, त्यावरूनच तिला कळलं.

"नाही ना?"

"नाही."

तिनं ती ओळ पुरी केली. मग दुसरी धरली. शाम बांधावर बसून राहिला. दिवस कलला तेव्हा ती उठली, खुरपं पुसलं आणि म्हणाली, "चाल."

दुसऱ्या दिवशी प्राची मॅडमनी दोघांना घरी बोलावलं. त्यांचे वडील मधुसूदनराव तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. अर्जाची भाषा त्यांच्या रक्तातच भिनलेली. चष्मा वर करून त्यांनी निर्णयाचा कागद तीनदा वाचला.

"दयेचा अर्ज करायचा नाही," ते म्हणाले. "दया मागितली की फाईल खाली जाते. बोर्डानं कोणती कामं करायला लावली, ती मुलीनं कशी केली, आणि नवीन नियमात काय लिहिलंय, एवढंच. वर्षा, तू एकेक काम सांग. मी लिहितो."

वर्षा सांगू लागली. बटनं लावली. हातमोजा घातला, अठ्ठेचाळीस सेकंद लागले; भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष होतं, म्हणून तिला नेमका आकडा माहीत होता. गाठ मारली, दोनदा, दुसरी न सुटणारी. छाती तीस वेळा दाबली. मधुसूदनराव लिहीत गेले आणि शाम दाराशी बसून ऐकत राहिला. ती सांगत होती ते सगळं त्यानं त्या दिवशी ऐकलं होतं. तरी पुन्हा ऐकताना त्याला आपल्या बहिणीचा जो अभिमान वाटला तो सांगायची सोय राहिली नव्हती.

अपील मान्य झालं. दुसऱ्या बोर्डाची तारीख मिळाली. शामनं सुट्टीचा अर्ज टाकला, पण वर्षानं सांगितलं, "मॅडम येऊन राह्यल्या संग. तू नको येऊ." तो गेला नाही. त्या दिवशी त्यानं गाडीच्या चार खेपा केल्या आणि एकीचीही त्याला आठवण राहिली नाही. संध्याकाळी मॅडमनी कळवलं की मुलाखत तासभर चालली, या वेळचे डॉक्टर नीट बोलले, एकानं तर तिचा तळवा हातात घेऊन स्वतः पकड तपासली. निर्णय लवकर देतो म्हणाले.

पुन्हा पूल, पुन्हा मोबाईल, पुन्हा प्रलंबित. दुसऱ्या फेरीची यादी लागून गेली. तिसऱ्या फेरीच्या नोंदणीची शेवटची तारीख आली तेव्हा मधुसूदनरावांनी सकाळपासून बोर्डाचा फोन लावला. कोणी उचललं तर दुसरा नंबर द्यायचं, दुसऱ्यावर घंटी वाजत राहायची. पाच वाजता नोंदणी बंद झाली.

निर्णय आला त्यानंतर सहाव्या दिवशी. पात्र. शिक्क्याचा, तीन सह्यांचा स्वच्छ कागद. प्राची मॅडम तो छापून घेऊन स्वतः तांड्यावर आल्या. बिजलीबाईला 'पात्र' हा शब्द कळला आणि तिनं देवापुढं नारळ काढून ठेवला. नारळ फोडू द्यायचा की नाही ते मॅडमना कळेना. शेवटी त्या वर्षालाच म्हणाल्या, "उशीर झाला गं. कोट्यातली जागा रिकामी राहिली की ती पुढच्या फेरीत सगळ्यांसाठी खुली होते. तशी झाली. आता भरली."

"म्हणजे माझी जागा रिकामी होती?" वर्षानं विचारलं. "एवढे दिवस?"

"हो."

"मी नाही म्हणून रिकामी, आणि रिकामी म्हणून दुसऱ्याला?"

वर्षानं मॅडमचा मोबाईल मागून घेतला, पुलावर गेली आणि प्रवेशाची यादी उघडली. शाम थोडं अंतर ठेवून मागं गेला. ती यादीवरून अंगठा सरकवत राहिली, मग थांबली आणि एक नाव मोठ्यानं वाचलं. कुठल्याशा दूरच्या जिल्ह्यातला मुलगा होता. गुण तिच्याहून पुष्कळ जास्त होते.

"त्याची काही चूक नाही," ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते कळलं नाही. मोबाईल बंद करून ती घरी गेली आणि दोन दिवस उठली नाही. बिजलीबाईनं नारळ तसाच उचलून फडताळात ठेवला.

त्याच आठवड्यात शाम गोठ्यात बापाजवळ गेला. रूपसिंग विळ्यानं कडबा तोडत बसला होता. शाम समोर उकिडवा बसला.

"बापू, त्या दिवशी बटन मी बंद नव्हतं केलं."

रूपसिंगचा हात थांबला नाही. एक पेंढी संपली, दुसरी ओढली.

"मालूम हाय," तो म्हणाला. "तुमी पोरीले घेऊन गेले, तवा मोटार चालूच होती. बटन मीच बंद केलं."

"मंग तेरा सालं बोलला काहून नाही?"

"काय बोलू?"

"मारायचं होतं."

रूपसिंगनं विळा बाजूला ठेवला आणि पहिल्यांदा पोराकडे पाहिलं. म्हातारा झाला होता. डोळ्यांच्या कडा लाल होत्या.

"मारलं असतं तं झालं असतं का काही? पोराले घराभाईर काढावं का? तू बी माहाच हायस." तो पुढं म्हणाला, "पन तुले खरं सांगतो. लोकं म्हणते रूपसिंगचं मन मोठं. नाही मोठं. मी तुले माफ नाही केलं. बोललो नाही, इतकंच."

शामला वाटलं होतं, सांगितलं की छातीवरचा दगड हलेल. दगड हलला नाही; आता त्याचं वजन तेवढं नेमकं कळलं. तो उठला, बापानं बाजूला ठेवलेला विळा घेतला आणि उरलेला कडबा तोडून दिला. रूपसिंग बाजूला बसून राहिला.

कापूस फुटला. वर्षा वेचायला जाऊ लागली. नेमसिंगनं आता विचारणं सोडलं होतं, आणि न विचारणं तिला जास्त लागायचं. प्राची मॅडमनी खटपट करून तिला कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतलं. रोज सकाळच्या बसनं ती पांढरकवड्याला जाते, पोरांना सूक्ष्मदर्शकाची काच लावून देते, बाटल्या धुते. एक मुलगी पहिल्या दिवशी तिच्या हाताकडे टक लावून बघत राहिली. वर्षानं तिला काच कशी धरायची ते दाखवलं आणि तो तास झाल्यावर पुढच्या तासाला तीच मुलगी बाजूचं बाक सोडून तिच्याजवळ येऊन बसली. हे शामला मॅडमकडून कळलं. घरच्या गोष्टी आता त्याला मॅडमकडून कळतात.

नीटचा फॉर्म तिनं पुन्हा भरला. चौथ्यांदा. तेही त्याला मॅडमनीच सांगितलं. त्या रविवारी तो घरी गेला तेव्हा ती ओट्यावर पुस्तक घेऊन बसली होती. तो पायरीवर बसला. तिनं प्रश्नांचं जाडं पुस्तक त्याच्याकडे सरकवलं.

"विचार. पान दोनशे दहापासून."

त्यानं वाचायला सुरुवात केली. शब्द इंग्रजी होते, जड होते, जिभेवर अडखळत होते. ती न हसता उच्चार दुरुस्त करायची आणि उत्तर द्यायची. वीस प्रश्न झाले. एकवीस झाले.

"भिया," ती मध्येच म्हणाली.

त्यानं वर पाहिलं.

"तुले मी माफ केलं का नाही, ते मलेच मालूम नाही. विचारू नको."

"नाही विचारत."

"पुढचा वाच."

त्यानं पुढचा वाचला.

यंदा ती पास झाली तर पात्रतेचा जुना कागद चालेल, की पुन्हा बोर्डापुढं उभं राहून हात दाखवावा लागेल, हे कोणालाच नक्की सांगता येत नाही. मधुसूदनरावांनी डिसेंबरात तसं पत्र लिहून विचारलं. जानेवारीत आठवण म्हणून दुसरं लिहिलं. परीक्षा मे महिन्यात आहे. पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही.